अण्णांचे खोटे अधिकारी

३१ मार्च १९९९, बुधवार. आज दुपारपासून दुकान बंद ठेवलंय. वर्षअखेरचा शिल्लक माल मोजायचा आहे. भाजणीचा डबा काट्यावर चढवायचा, उतरवायचा, वजन लिहायचं, मग मेतकूट, मग गोडा मसाला. मोजताना तोंडात काही टाकायचं नाही. हा शेवटचा नियम अण्णांचा. ते म्हणत, "मोजणारा खायला लागला की शिल्लक माल पोटात धरावा लागतो, आणि पोटाला कुठला रकाना नाही."

अण्णा आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसावं असं काही माझ्या मनात नव्हतं, पण काल शेजारच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, "अक्का, तुमचे ते लेक्काचे अण्णा कसे होते हो?" लेक्क म्हणजे हिशेब. मी "चांगले होते" म्हणाले आणि नंतर वाटलं, हे उत्तर साफ चुकीचं आहे. अण्णा चांगले वगैरे नव्हते. ते छळवादी होते.

बंगळुरात, बसवनगुडीत त्यांच्या घराच्या पुढच्या पडवीत त्यांचं ऑफिस होतं. लहान दुकानदारांना हिशेब ठेवायला शिकवायचे, विक्रीकराचे आणि आयकराचे कागद भरून द्यायचे, हा त्यांचा धंदा. पडवीत टेबल, टेबलामागे अण्णा, आणि समोर दोन खुर्च्या. एक दुकानदाराची, दुसरी दुकानाची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी पिशवी त्या दुसऱ्या खुर्चीवर ठेवली.

"उचल, उचल. तिथे दुकान बसलंय."

मला वाटलं, माणूस सटकलेला आहे. मी पिशवी मांडीवर घेतली.

"कसं आहे दुकान?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे."

"आणि तू?"

"मीही बरीच आहे."

"सरी, ठीक. ही दोन उत्तरं कायम वेगळी ठेव. तुझी तब्येत, दुकानाची तब्येत. तुझी पर्स, दुकानाचा गल्ला. घरी भाजी आणायला गल्ल्यातून पैसे घेतलेस तर ते दुकानाने तुला दिले, असं लिहायचं. न विचारता घेतलेस तर चोरी."

"माझ्याच दुकानातून माझी चोरी?"

अण्णा रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलंस? ही अशीच बोलणार. स्वल्प सांभाळून घे."

तेव्हापासून मी दर महिन्याला त्या खुर्चीपुढे बसून बोलत असे. माझ्या यजमानांनी एकदा चकलीचं पाकीट न सांगता ऑफिसात नेलं, तेही त्या खुर्चीला सांगावं लागलं. यजमान विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांना पाकिटाची रक्कम 'मालकाची उचल' म्हणून लिहिलेली दिसली तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट नेलं आणि काउंटरवर पैसे ठेवले. तेवढं काम लग्नानंतर इतक्या वर्षांत मला जमलं नव्हतं.

आम्ही पुण्याहून आलेले. अण्णांचं घराणं बंगळुरात शहाजीराजांच्या बरोबर आलं, असं ते सांगत. खरंखोटं मी तपासलेलं नाही. पण त्यामुळे आमच्या मराठीला ते 'काल आलेली मराठी' म्हणत. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि त्यांना ते मुळीच ऐकू येत नसे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणत आणि त्याच दमात 'तू'सुद्धा.

कागद मात्र ते आधी कधीच बघत नसत. समोर बसवायचे आणि म्हणायचे, "वर्ष सांग." म्हणजे एप्रिलपासून काय काय झालं ते तोंडी, गोष्टीसारखं. कुठे माल आला, कुठे नासला, गणपतीत किती धावपळ झाली, कोण उधार ठेवून हेब्बाळला राहायला गेलं. मग वही उघडायची. गोष्ट आणि वही जुळली तर सही. नाही जुळली तर म्हणत, "दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते घरी जाऊन ठरवा, मग या." एका कापडवाल्याला त्यांनी याच कारणाने चार वेळा परत पाठवलं. पाचव्या वेळी तो रडत सगळं खरं सांगून गेला, म्हणे. अण्णांना ही गोष्ट सांगायला फार आवडायचं. प्रत्येक वेळी तो कापडवाला जरा जास्त रडायचा.

हे सगळं चाललं असतं. पण अण्णांना नाटकाचं वेड होतं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक बसवायचे. उत्सव एकदाच, आणि नाटकातली मंडळी वर्षभर मोकळी. त्यांचं काय करायचं, यावर अण्णांनी उपाय काढला होता. ते त्यांना विक्रीकर अधिकारी करून आपल्या दुकानदारांकडे पाठवत.

पहिल्यांदा माझ्याकडे आला तो जाड भिंगांच्या चष्म्याचा माणूस होता. त्याने बिलबुक मागितलं, काउंटरच्या खाली वाकून बघितलं, आणि दरडावून विचारलं, "शेंगदाण्याचा लाडू दिसतोय. कुठल्या बिलावर घेतला?" मी त्याला शेंगदाणे, गूळ, गावाकडची मावशी, मावशीचं दुखणं असं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, दोन चकल्या खाल्ल्या आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानाकडे हात केला. तिथून अण्णा बाहेर आले. शिंप्याच्या मशीनमागे स्टुलावर बसून ते बघत होते.

"नापास," अण्णा म्हणाले. "त्याने काय विचारलं? बिल. तू काय दिलंस? मावशी. अधिकाऱ्याशी खोटं बोलायचं नाही, पहिली गोष्ट. आणि त्याने न विचारलेलं खरंही बोलायचं नाही, दुसरी. विचारलं तेवढंच. आयितु, झालं."

तो चष्मेवाला निवृत्त बँक कॅशियर होता आणि मागल्या वर्षी त्याने नाटकात सासऱ्याचं काम केलं होतं.

त्यानंतर येतच राहिले. एक तबलजी आला, एक शाळेतले गणिताचे मास्तर आले, एकदा तर अण्णांचा सख्खा मेहुणा खोटी मिशी लावून आला आणि चहा पिताना अर्धी मिशी कपात पडली. मी हळूहळू तयार झाले. बिल विचारलं की बिल, माल विचारला की माल, मध्ये एक शब्द जास्त नाही. मार्क वाढत गेले. पण मला त्याचा वैताग यायला लागला होता. ऐन गर्दीच्या वेळी येऊन बसायचे, चकल्या खायचे, आणि अण्णा शिंप्याकडून मान डोलवणार. शिंपी तर या प्रयोगांच्या वेळी मशीन बंद ठेवायचा, आवाज नको म्हणून.

आणि इतकं करून त्यांच्या एकाही नटाला माझी खरी चूक सापडली नव्हती. ती होती होळिगेची. होळिगे म्हणजे आपली पुरणपोळी. दर शनिवारी माझ्या काउंटरवर होळिगे मिळत, गरम, केळीच्या पानावर. त्या मी करत नसे. मागच्या गल्लीतल्या कमलक्का करायच्या. डाळ, गूळ, तूप मी दुकानातून द्यायची, त्या घरी करून डबा आणायच्या. नगामागे ठरलेले पैसे मी त्यांना हातात द्यायची. त्यांची एकच अट होती, नाव कुठे यायचं नाही. घरात सासूबाई, सोवळ्याचं स्वयंपाकघर, त्यातलं अन्न विकलं जातं हे कळलं तर भूकंप. म्हणून होळिगेचं बिल मी कधी फाडलं नाही. आणि अण्णा, चकलीच्या तुकड्याचंसुद्धा बिल मागणारे अण्णा, दर शनिवारी काउंटरपाशी उभे राहून दोन होळिगे खायचे, बोटं पुसायचे, पैसे ठेवायचे आणि बिलाचं नाव न काढता जायचे. तूप दिसलं की त्यांचं शास्त्र बंद पडायचं.

एका गुरुवारी सकाळी एक सडपातळ तरुण स्कूटरवरून आला. पायात चपला. त्याने कन्नडमध्ये सांगितलं, विक्रीकर खात्यातून आलोय, बिलबुक दाखवा.

मी आधी शिंप्याच्या दुकानाकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

"बसा," मी म्हणाले. "चकली घेणार ना?"

"बेडा. काही नको."

"अण्णांनी सांगितलं वाटतं यावेळी खायचं नाही म्हणून? चांगलं केलं. मागचे सगळे त्यामुळेच ओळखू यायचे."

त्याने खिशातून ओळखपत्र काढून समोर धरलं. मी ते हातात घेऊन उलटून बघितलं. "हे कुठे छापलंत? फोटो छान आला आहे."

"मॅडम, मी ऑन ड्युटी आहे."

"तेच म्हणते. ड्युटीवरचा अधिकारी चपला घालून येत नाही. बूट पाहिजेत. आणि आवाज जरा वाढवा. तुम्ही विनंती केल्यासारखं बोलताय. तुमच्याआधी कॅशियर आले होते, त्यांचा काय आवाज होता."

त्याने बिलबुक चाळलं, डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघितल्या, मालाची वही बघितली. सगळं जुळत होतं. आता हा उठणार, अण्णा येणार, आणि मला पुन्हा चांगले मार्क देणार. मला ते मार्क नको होते. एकदा अण्णांची खोड मोडायची होती.

"झालं?" मी म्हणाले. "होळिगेचं नाही विचारलंत ते? सगळे तिथेच चुकतात. दर शनिवारी इथे होळिगे विकल्या जातात. बिलाशिवाय. कुणाच्या हातच्या, ते मी सांगणार नाही. हे तुमच्या गुरूंना जाऊन सांगा. ते स्वतः दोन खातात."

त्याने खिशातून पेन काढलं आणि लिहायला लागला. चांगला बराच वेळ लिहिलं. मी समोरच्या दुकानाकडे तोंड करून हाक मारली, "अण्णा, या आता बाहेर."

शिंपी मशीनमागून डोकावला. तो एकटाच होता. "अण्णा येलहंक्याला गेलेत, अक्का," तो म्हणाला. "नात आजारी आहे."

सडपातळ तरुणाने कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात हजर राहायची नोटीस होती. बिलबुकं आणि मालाची वही त्याने बांधून घेतली. जाताना म्हणाला, "बिनहिशेबी माल निघाला तर रजिस्ट्रेशन रद्द होऊ शकतं, मॅडम. दंड वेगळा." आणि स्कूटर सुरू करून गेला. आवाज मुळीच वाढवला नाही.

मी हिशेब केला. दंड भरला तर दुकानाचं भाडं द्यायला काही उरत नव्हतं. नोंदणी गेली तर भाड्याचा प्रश्नच नव्हता. आणि होळिगे माझ्या नाहीत असं सिद्ध करायचं तर कमलक्कांचं नाव द्यावं लागलं असतं.

संध्याकाळी अण्णा येलहंक्याहून परतले तेव्हा मी त्यांच्या पायरीवर बसले होते. सगळं ऐकून ते इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली. "त्याला बूट घाल म्हणालीस?" पुन्हा हसले. मग एकदम थांबले. "होळिगेचं तू सांगितलंस? त्याने न विचारता?"

"तुमच्यासाठी सांगितलं."

"स्वल्प पाणी दे," ते म्हणाले. त्यांचंच घर, पण मी उठून आत गेले आणि पाणी आणून दिलं.

"उद्या तुम्ही माझ्याबरोबर येताय," मी म्हणाले.

अण्णा कधी कुणाबरोबर कार्यालयात जात नसत. त्याला त्यांच्याकडे तत्त्व होतं. सल्लागार बरोबर आला की अधिकाऱ्याला वाटतं काहीतरी लपवायचंय. आम्ही सगळे दुकानदार हे तत्त्व मानत होतो. तेच त्यांनी पुन्हा सांगायला घेतलं.

"अण्णा, तुम्ही मंचाखालून बघत बसता आणि आम्हाला वर ढकलता. उद्या तसं चालणार नाही. साडेनऊला रिक्षा घेऊन येते."

ते त्या दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. तिथून काही मदत आली नाही.

शुक्रवारी रिक्षात ते हातातली पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवत होते. तेव्हा मला कळलं की तत्त्व वगैरे काही नाही, या माणसाला खऱ्या अधिकाऱ्याची भीती वाटते. इतक्या जणांना अधिकारी करून झालं होतं, पण खऱ्यासमोर बसायची वेळ त्यांनी कधी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

कार्यालयात तो तरुण फायलींच्या मागे बसला होता. आजही चपलाच होत्या. मी ओळख करून दिली. तो अण्णांना कन्नडमध्ये म्हणाला, "मॅडमचे हिशेब तुम्ही बघता, सार?"

अण्णांनी मान हलवली.

"होळिगेचं काय उत्तर आहे?"

अण्णांनी पुन्हा मान हलवली, या वेळी आडवी. मी मनातल्या मनात दुकानाचं सामान कुठे विकता येईल त्याचा विचार सुरू केला.

तरुणाने फाईल उघडली. मग ती मिटली. काहीतरी त्याला सलत होतं. "सार, एक सांगू? नोकरीला लागून मला फार दिवस नाही झाले. मॅडम मला म्हणाल्या, तुमचा अभिनय कमी पडतो."

अण्णांची मान वर आली. "कुठे कमी पडतो म्हणाली?"

"आवाजात. आणि पायात."

"आवाजाचं चूक आहे तिचं," अण्णा म्हणाले. हा त्यांचा नेहमीचा, पडवीतला आवाज होता. "हळू बोलणारा अधिकारीच भीती घालतो. पण सार, तुम्ही बिलबुक आधी मागितलं. तिथे चुकलात. बिल मागितलं की दुकानदार सावध होतो. आधी मालाचं विचारायचं. कुठून आला, कसा झाला, कुणी केला. बिल सगळ्यात शेवटी. दाखवू?"

त्याने नाही म्हणायच्या आत अण्णांनी आपली खुर्ची माझ्याकडे वळवली होती. चेहरा बदलला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण हा माणूस मला अनोळखी होता.

"होळिगे. डाळ कुणाची?"

"दुकानाची," मी म्हणाले.

"गूळ?"

"दुकानाचा."

"तूप?"

"तेही."

"दुकानातून गेलेलं कशावरून?"

"मालाच्या वहीत लिहिलंय. होळिगेसाठी म्हणून, दर शुक्रवारी."

त्या वहीचं पान तरुणाने आपणहून उघडलं.

"मग त्या बाईचं होळिगेत काय?"

मी विचार केला. "हात," मी म्हणाले.

"हाताचे पैसे देतेस?"

"नगामागे."

"ते कुठल्या खात्यात?"

इथे मी थांबले. पण विचारलं होतं. "घरखर्चात," मी म्हणाले.

अण्णांनी टेबलावर थाप मारली. तरुण दचकला. "दुकानाची मजुरी घरखर्चात?" ते ओरडले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. "बघ. तुझा नोकर, आणि पगार हिच्या स्वयंपाकघरातून. मी तुला सांगत नव्हतो?"

"सार," तरुण हळूच म्हणाला, "तुम्ही कुणाशी बोलताय?"

"दुकानाशी."

तरुणाने त्या खुर्चीकडे बघितलं. मग वहीकडे. मग म्हणाला, "म्हणजे माल दुसऱ्या कुणाचा नाही. सामान दुकानाचं, होळिगे दुकानाच्या. त्या बाई फक्त मजुरीवर."

"असं मी कुठे म्हणालो?" अण्णा म्हणाले. "मी नुसतं विचारत होतो. उत्तरं तिची."

तरुणाने लिहायला घेतलं. बिल न फाडलेल्या विक्रीवरचा कर भरा, थोडा दंड भरा, नोंदणी राहील. पण मजुरीची पावती लागेल, करणारीच्या सहीची. सोमवारपर्यंत. ती आली नाही तर तो माल बिनहिशेबी असंच लिहावं लागेल. वह्या परत देताना तो मला म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी बूट घालून येतो."

बाहेर आल्यावर अण्णांनी उसाच्या रसाचे दोन ग्लास लागोपाठ संपवले.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं? डाळगुळाचं?" मी विचारलं.

"शनिवारी मी नुसता खायला येतो असं वाटलं तुला?"

"हो."

"सरी," ते म्हणाले, आणि रसवाल्याकडे बिल मागायला लागले. रसवाल्याने त्यांच्याकडे असं बघितलं की मी पैसे देऊन त्यांना रिक्षात बसवलं.

सहीचा प्रश्न राहिला होता. रिक्षात अण्णा म्हणाले, "मागच्या दाराने जा. दुपारी, म्हातारी झोपलेली असताना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावती लिहिली आणि कमलक्कांच्या घरी पुढच्या दाराने गेले. दार सासूबाईंनी उघडलं. मी म्हणाले, तुमच्या सूनबाईंची सही हवी आहे, माझ्यासाठी होळिगे करतात त्याच्या मजुरीची. आत स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं. म्हातारीने पावती डोळ्यांजवळ नेऊन रक्कम वाचली.

"एका होळिगेला एवढेच?" तिने विचारलं. "आणि तूप ती माझ्या प्रमाणाने घालते. मला काय वास येत नाही?"

मग तिने आत तोंड करून सुनेला पेन घेऊन बोलावलं. मी सही घेतली, दुकानात आले, आणि कुलूप काढून आधी पाटीवरचा होळिगेचा भाव पुसून आठ आणे वाढवून लिहिला.